साडेअठ्ठेचाळीस किलो

मुंजाजीने चपला काढल्या, खिशातली पेन्सिल आणि किल्ल्यांचा जुडगा पोत्यावर ठेवला आणि तो काट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहिला. जळबा हमालाने घामाचा हात धोतराला पुसला आणि दांडीवरचं सरकतं वजन एका बोटाने हळूहळू पुढे ढकललं. दांडी दोनदा वरखाली झाली, थरथरली आणि मधोमध थांबली.

“साडेअठ्ठेचाळीस,” जळबा म्हणाला.

“नीट बघ.”

“नीटच बघून राहिलो. मागल्या बाजारीबी येवढंच होतं. काहून, आठ दिसांत हत्ती व्हायचं होतं का?”

ओट्यावर बसलेल्या दोघातिघांना हसू आलं. गादीवरून दुकानमालक व्यंकटरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मुंजा, माझ्या काट्याला तुझा भार कळत न्हाई बाबा. उद्यापासून खिशात दगड घालून येत जा. आन् ते दूध पी आधी, साय धरून राहिली त्याच्यावर.”

मुंजाजी पाटावरून उतरला. गादीच्या कडेला पितळी पेला झाकून ठेवलेला होता. व्यंकटरावांच्या घरून तो रोज दुपारी यायचा, वर्षभरात एक दिवसही चुकला नव्हता. तो उभ्याउभ्या दूध प्यायला, ओठ पुसले आणि वहीत तारखेसमोर लिहिलं : ४८.५.

शिरड शहापूरच्या बाजारात हे दर आठवड्याला चालायचं. शेवटची गाडी रिकामी झाली की दुकानाचा मापाडी स्वतःच काट्यावर चढायचा, आणि त्याचं वजन ऐकल्याशिवाय काही माणसं घराकडे वळत नसत. नांदेडच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा, उंचीने बरा, पण अंगाने असा की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. कॉलेजातली शेवटची वर्षं दुष्काळाची होती. तेव्हा रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर कुणाचंच अंग भरलं नव्हतं, पण पुढे बाकीच्यांचं भरलं, याचं राहून गेलं. नोकरी मिळेपर्यंत म्हणून तो व्यंकटरावांच्या आडतीवर मापाडी लागला, त्याला दोन वर्षं झाली होती.

वहीच्या शेवटच्या पानावर आलेखाचा कागद चिकटवलेला होता. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर किलो. पन्नासाच्या घरावर त्याने तांबड्या पेन्सिलीने एक रेघ ओढली होती. वनखात्याच्या भरतीच्या जाहिरातीत उंची, छाती आणि फुगवलेली छाती या तिन्हींत तो बसत होता. चौथी अट होती, वजन किमान पन्नास किलो. मागच्या वर्षी जाहिरात आली तेव्हा काट्याने सत्तेचाळीस दाखवले. तीन किलो कमी असलेल्या माणसाने परभणीपर्यंत एसटीचं भाडं कशाला घालवायचं, म्हणून तो गेलाच नाही. या वर्षी पुन्हा जाहिरात आली होती. वयाची अट पंचवीसची होती आणि त्याला आषाढात पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची.

त्या तांबड्या रेघेसाठी वर्षभर तो पहाटे तातेरावांच्या मळ्यात जात होता. तातेराव एकेकाळी जत्रांतल्या कुस्त्यांचे मल्ल. आता साठीला आलेले, पण गावातली पोरं अजून त्यांना वस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मुंजाजीच्या मनगटाला अंगठा आणि मधल्या बोटाचं कडं घातलं होतं. बोटं एकमेकांवर चढली होती.

“हाड बारीक हाय,” ते म्हणाले होते. “हाड काय बदलत न्हाई. त्याच्यावर जे चढवायचं ते चढवू. पर दिसायला तू असाच ऱ्हाशील, ते आधीच सांगून ठिवतो. नंतर वस्तादानं फसवलं म्हनू नको.”

“दिसायचं नाही मला. भरायचंय.”

“काय भरायचंय?”

“पन्नास किलो.”

तातेराव उठले, त्याला यायची खूण केली. मग गोठ्यात गेले आणि सोसायटीतून आणलेल्या खताच्या पोत्याकडे बोट दाखवलं. पोत्याचं तोंड कारखान्यातच शिवलेलं होतं आणि पोटावर निळ्या शाईत ठळक छापलं होतं : ५० किलो.

“जितकं व्हायचं तितकं आधी उचलून बघ.”

त्या दिवशी पोतं जागचं हललंही नाही. जोर, बैठका, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि जिथे मिळेल तिथे दूध, असं चाललं. मुंजाजी प्रत्येक गोष्ट मोजायचा. दंडाचा घेर सुतळीने, जोर आकड्याने, हरभरे वाटीने. दसऱ्याला पोतं गुडघ्यापर्यंत आलं, दिवाळीनंतर मांडीवर, आणि संक्रांतीच्या आत एका सकाळी तो ते पाठीवर घेऊन विहिरीला वेढा घालून आला. तातेरावांनी बिडी विझवली.

“आता तुझ्यापरीस जड वस्तू तू उचलतोस,” ते म्हणाले. “आजून काय पायजे?”

“दीड किलो,” मुंजाजी म्हणाला.

ते दीड किलो येत नव्हते. दंड पाऊण इंचाने वाढला होता, जोर दुप्पट झाले होते, आणि आलेखावरची रेषा पन्नासाच्या खाली येऊन अडून बसली होती. मुंजाजीने सगळ्यावर संशय घेतला. दुधात पाणी असेल, हरभरे पचत नसतील, पोटात जंत असतील म्हणून औषधही घेऊन झालं. एका गोष्टीवर मात्र त्याने कधी संशय घेतला नाही, आणि बाजारात दुसऱ्या कुणीही घेतला नव्हता.

कारण त्या काट्याची एक रीत होती. बाजाराच्या दिवशी पहिली गाडी लागली की व्यंकटराव स्वतः गादीवरून उठायचे. काट्याला कुंकवाचं बोट लावायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि गाडीवाल्याचा हात धरून त्याला दांडीपाशी आणायचे. दांडी सरळ रेषेत आडवी थांबलेली असायची. “बघा, शून्य. रिकामा काटा बराबर, तर भरला काटा बराबर,” ते म्हणायचे. गाडीवाला मान हलवायचा. मग पहिलं पोतं पाटावर चढायचं. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं मापाड्याने पुकारायचं आणि प्रत्येक पोत्याचं वजन मोठ्याने सांगायचं. मुंजाजीचा आवाज अंगाच्या मानाने मोठा होता. तो अर्धा किलोही इकडेतिकडे होऊ देत नाही, अशी त्याची ख्याती झाली होती. आसपासच्या गावांतली माणसं दुसरी दुकानं ओलांडून व्यंकटरावांकडे यायची, ती काही अंशी त्याच्यासाठी.

भरतीच्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने परभणीला गेला. बावीस-तेवीस पोरं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उघड्या अंगाने ओळीत उभी होती. मुंजाजी रांगेतून एकदा नळावर जाऊन आला. तांब्याभर पाणी प्यायला, पुन्हा अर्धा तांब्या प्यायला. त्याआधी स्टँडवर त्याने चार केळी खाल्ली होती. पाणी साधारण दीड लिटर म्हणजे दीड किलो. केळी सालीशिवाय चारशे ग्रॅम. साडेअठ्ठेचाळीसमध्ये एक पूर्णांक नऊ मिळवले की पन्नासाच्या वर चारशे ग्रॅम. पाणी अंगात राहिलं पाहिजे, एवढंच. तो मांड्या आवळून उभा राहिला.

“त्रेपन्न पाचशे,” वजन करणारा म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

मुंजाजी पाटावरून हलला नाही.

“साहेब, पुन्हा एकदा बघता का?”

“काहून? कमी हाय का? साडेतीन किलो जास्तच हाय तुझं.”

“म्हणूनच म्हणतो.”

त्या माणसाने त्याच्याकडे मान तिरपी करून पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत असं म्हणणारा पहिलाच भेटला असावा. त्याने पुन्हा दांडी सरकवली. त्रेपन्न पाचशेच. कागदावर शिक्का पडला. आत बसलेल्या कारकुनाने एक छापील फॉर्म हातात दिला. वर्तणुकीचा दाखला. सध्या जिथे काम करतो तिथल्या मालकाची सही आणि शिक्का आणायचा, पंधरा दिवसांच्या आत.

बाहेर आल्यावर त्याने आनंदाने काही खायला हवं होतं. त्याऐवजी तो झाडाखाली बसला आणि फॉर्मच्या पाठीमागे बारीक पेन्सिलीने वजाबाकी केली. त्रेपन्न पाचशे वजा एक नऊशे. एक्कावन्न सहाशे. बाजारात साडेअठ्ठेचाळीस. तीन किलो शंभर ग्रॅम कुठून आले? दोन काटे वेगळं सांगत असतील तर एक तरी चुकीचा आहे. कोणता, ते दोहोंवरून ठरत नाही. त्याला पहिल्यांदा वाटलं, हॉस्पिटलचाच काटा बिघडलेला असणार.

तो लघवीला जाऊन आला आणि चालत रेल्वे स्टेशनवर गेला. फलाटावर दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. त्याने दहा पैशांचं नाणं टाकलं. तांबडे-निळे दिवे लुकलुकले, आतलं चक्र घरघरलं आणि खालच्या फटीत एक जाड तिकीट पडलं. एका बाजूला छापलं होतं, ५२. दुसऱ्या बाजूला हिंदीत भविष्य होतं : ‘लोग आपकी बात पर विश्वास करते हैं।’

त्याने तिकीट उलटंसुलटं केलं. मग ते फॉर्मच्या घडीत ठेवलं आणि एसटी स्टँडकडे निघाला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्याने डोळे मिटले होते, पण झोप लागली नव्हती. रिकाम्या काट्याला शून्य दाखवायला लावणं अवघड नसतं. दांडीच्या टोकाचा पेच थोडा फिरवला की झालं. सरकतं वजन जर मुळातच थोडं जड असेल, तर चूक शून्यावर दिसतच नाही. जड वजनाने दांडी अलीकडेच सरळ होते आणि भार कमी दिसतो, आणि ही चूक भाराबरोबर वाढत जाते. त्याच्यासारख्या काडीवर तीन किलो. क्विंटलभर तुरीवर सहा. कॉलेजात हे गणित त्याने परीक्षेत सोडवलं होतं, पूर्ण मार्क मिळवून. समोरच्या सीटवर एक बाई कोंबडी टोपलीत घालून बसली होती. कोंबडी सारखी मान बाहेर काढायची आणि बाई सारखी ती आत दाबायची. मुंजाजी जवळाबाजार येईपर्यंत तेच बघत होता.

घरी त्याची आई रुख्मिणीबाई उंबऱ्यात वाट बघत बसली होती.

“किती भरलास?”

“बावन.”

“म्या म्हनलं व्हतं का न्हाई? मायच्या डोळ्याला दिसतंय. तुमचा त्यो काटा काय सांगत व्हता कुनाला ठाव.” तिने भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं. “व्यंकटरावाच्या पाया पडून ये उद्या. दूध त्यांचं हाय तुझ्या अंगात.”

मुंजाजी जेवत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं,

“माय, मागल्या वर्षी आपली तूर दुकानावर नेली, तेव्हा तू काहीतरी म्हणाली होतीस.”

“काय?”

“कमी भरली म्हणून.”

“हां. घरी पायलीनं मापली तवा जास्त वाटली व्हती. मंग तू सांगितलं ना, वाळून हलकी झाली म्हनून. त्यातलं पानी उडून जातंय म्हनला व्हतास.”

“म्हणालो होतो.”

“मंग झालं की. शिकलेला मानूस सांगतोय म्हनल्यावर पानीच उडालं असंल.” तिने ताटात आणखी एक भाकरी टाकली. “खा. का भरतीपुरतंच खायचं व्हतं?”

मधले तीन दिवस मुंजाजीने दुकानात नेहमीसारखं काम केलं. बाजाराच्या सकाळी मात्र तो तासभर आधी आला. फळ्या काढल्या, ओटा झाडला आणि काट्यापाशी गेला. दांडी सरळ आडवी होती. त्याने सरकतं वजन शेवटच्या टोकाला नेऊन दांडीवरून काढलं आणि उलटं केलं. दोन वर्षं हे वजन त्याच्या बोटाखालून सरकत होतं, पण त्याचा तळ त्याने कधी पाहिला नव्हता. बाकी सगळं लोखंड काळं पडलेलं, आणि मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी एक करडी टिकली, दाढेत चांदी भरावी तशी. त्याने टिकलीवर नख ओढलं. चकचकीत रेघ उठली. लोखंडावर नखाची रेघ उठत नाही. शिशावर उठते.

त्याने वजन पुन्हा दांडीवर चढवलं आणि शून्यावर आणून ठेवलं. दांडी सरळ झाली.

“आज सूर्याच्या आधी?” मागून आवाज आला. व्यंकटराव धोतराचा सोगा सावरत पायरी चढत होते. त्यांच्या हातात तोच पितळी पेला होता. “आज बाजार मोठा, दुपारी ध्यान ऱ्हायचं न्हाई, म्हनून सकाळीच घेऊन आलो. पी. तिथं काय करून राहिला?”

“पुसत होतो.”

“पुस. पर जास्त हात लावू नको त्याला. बापाच्या हातचा काटा हाय माझ्या.” ते गादीवर बसले, गुडघे चोळले. “आन् काय रे, गावभर झालं, मलाच सांगायचं ऱ्हायलं? पास झाला म्हन.”

“पास झालो. एक कागद आहे. तुमची सही पाहिजे.”

व्यंकटरावांनी फॉर्म घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. ते मुंजाजीला दिसत होतं, आणि त्याला ते नको होतं.

“‘प्रामाणिक व विश्वासू,’” त्यांनी छापील शब्द वाचले. “हे तर छापायचीबी गरज नव्हती. गाड्या येऊन राहिल्या, आता घाई नको. बाजार उरकला की शिक्क्यासहित देतो.” त्यांनी कागद गादीवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर एक किलोचं माप ठेवलं. “मापाडी गेला की माझी पंचाईत व्हनार हाय मात्र. असा आवाज कुठून आनू?”

पेला ओट्यावर झाकलेलाच राहिला.

पहिली गाडी तातेरावांची होती. सहा पोती तूर आणि मागच्या बाजूला, आताच सोसायटीतून उसासाठी उचललेलं, शिवलेल्या तोंडाचं खताचं एक पोतं. तिच्यामागे आणखी चार-पाच गाड्या लागल्या होत्या. व्यंकटरावांनी कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, तातेरावांचा हात धरून त्यांना दांडीपाशी आणलं.

“बघा वस्ताद. शून्य.”

“बघितलं,” तातेराव म्हणाले. “धा वर्षं झाली बघतोच हाय.”

जळबाने तुरीचं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि काट्यापाशी येऊन थांबला, कारण पाटावर मुंजाजी उभा होता. अनवाणी.

“पैलवान, तुमचा नंबर शेवटी असतोय,” जळबा पोत्याखालून म्हणाला. “उतरा. मान मोडून राहिली माझी.”

“ते ठेव खाली. आधी मला तोल.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. जळबाने पोतं भिंतीला टेकवलं, कुरकुरत दांडीशी आला आणि बोटाने वजन सरकवलं.

“साडेअठ्ठेचाळीस. नवं काय त्यात?”

मुंजाजीने खिशातून स्टेशनचं तिकीट काढलं आणि तातेरावांच्या हातात दिलं. तातेरावांनी ते उन्हात धरलं, मागेपुढे केलं.

“बावन,” त्यांनी वाचलं. “कधीचं हे?”

“चार दिवसांपूर्वीचं. हॉस्पिटलात तर त्याहून जास्त भरलं.”

व्यंकटराव गादीवर परत बसले होते. त्यांनी मान वर केली. आवाज चढला नव्हता.

“मुंजा, धा पैशाचं यंत्र ते. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दोन्ही सारखंच खरं असतंय.”

आता सगळेच हसले. व्यंकटरावही हसले, आणि हसता हसता म्हणाले, “उतर बाबा. लोकं उन्हात ताटकळून राहिली.” मग थोडं थांबून, गादीवरच्या कागदाकडे न बघता, “तुझं बी काम व्हायचं हाय आज.”

मुंजाजी उतरला. हसणं विरत गेलं, कारण तातेराव हसले नव्हते. ते तिकीट धरूनच उभे होते. त्यांनी एकदा मुंजाजीच्या मनगटाकडे पाहिलं, एकदा दांडीकडे. मग त्यांची नजर आपल्या गाडीत मागच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली.

“जळबा,” ते म्हणाले, “माझ्या गाडीत खताचं पोतं हाय. शिलाई मोडलेली न्हाई त्याची.”

जळबा निघाला होता, पण दोन पावलांवर थबकला. त्याने व्यंकटरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. हात धोतराला पुसायला लागला आणि पुसतच राहिला.

“मी आणतो,” मुंजाजी म्हणाला.

तो गाडीमागे गेला. पाय फाकवून बसला, पाठ सरळ ठेवली, पोत्याची दोन टोकं धरली आणि श्वास रोखून ते मांडीवर घेतलं, मांडीवरून पाठीवर. पोतं त्याच्यापेक्षा रुंद होतं. रांगेतल्या माणसांना मागून फक्त निळी छपाई आणि तिच्याखाली दोन बारीक पाय चालताना दिसत होते. बैलांनी माना वळवल्या. ओट्याची पायरी चढताना ते पाय एकदा थरथरले. तातेरावांनी हात पुढे केला नाही. जिथे होते तिथून ते फक्त एवढंच म्हणाले,

“सावकाश.”

मुंजाजीने गुडघे वाकवले आणि पोतं पाटाच्या मधोमध ठेवलं. छापील बाजू लोकांकडे. काटा धडधडला आणि शांत झाला. गादीवर एक किलोच्या मापाखाली कागदाचं एक टोक वाऱ्याने उठत होतं, बसत होतं. व्यंकटरावांनी त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“वस्ताद,” मुंजाजी म्हणाला, “आज तुम्ही सरकवा.”

तातेरावांनी तिकीट पागोट्यात खोचलं आणि दांडीपाशी आले. त्यांचं जाड, वाकडं झालेलं बोट त्या लोखंडाला लागलं. मुंजाजी त्यांच्या शेजारी उभा राहिला, धाप आवरेपर्यंत थांबला, आणि दर बाजारी पुकारायचा त्याच आवाजात त्याने पुकारलं,

“लाभ.”